ब्लॅक सॅबथचा दुसरा अल्बम आणि आमच्या घरातली पेटी

रात्रपाळी | २४ जुलै २०२५, रात्री ११.१०

मंगळवारी मध्यरात्रीच्या सुमारास मोबाईलवर बातमी आली, ब्लॅक सॅबथ या इंग्लिश मेटल बँडचा गायक ओझी ऑस्बर्न गेला. ७६ वर्षांचा होता, पार्किन्सन्स होता, तेव्हा धक्काबिक्का म्हणणार नाही. ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला तेव्हाच कळलं होतं की हा निरोप आहे. त्या दिवशी ब्लॅक सॅबथचे मूळ चौघेही २००५ नंतर पहिल्यांदा एकत्र वाजले. चारच गाणी. वॉर पिग्ज, एन.आय.बी., आयर्न मॅन आणि पॅरानॉइड. यातली तीन दुसऱ्या अल्बममधली, म्हणजे ‘पॅरानॉइड’मधली. म्हणजे पंचावन्न वर्षांनी निरोप घ्यायचा तरी शिदोरी त्याच डब्यातली. म्हणून हा धागा त्या एका अल्बमसाठी काढतोय. ओझीने स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलं तसल्या गोष्टींसाठी दुसरे धागे भरपूर निघाले असतील.

‘पॅरानॉइड’ माझ्या हातात आला १९९७ मध्ये. अकरावीत होतो. फोंडा-पणजी, पणजी-म्हापसा, म्हापसा-हणजूण अशा तीन बस बदलून आम्ही दोघे मित्र बुधवारच्या बाजारात गेलो होतो. घरी सांगितलं होतं, प्रॅक्टिकल आहे. सीझन संपत आला होता. एक दाढीवाला परदेशी चादर पसरून आपलं सगळं सामान विकायला बसला होता: तंबू, स्टोव्ह, चपला आणि डझनभर कॅसेट. मी उचलली त्या कॅसेटवर गुलाबी उजेडात तलवार-ढाल घेतलेला एक धूसर माणूस होता. पॅरानॉइड या शब्दाशी त्या माणसाचा काय संबंध, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नाही. उत्तर साधं आहे. अल्बमचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरलं होतं, चित्र त्यासाठी काढलेलं. कंपनीने नाव बदललं, चित्र तसंच राहिलं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत मुहूर्त बदलतो आणि गणपती तोच राहतो, त्यातला प्रकार.

आणि ज्या गाण्यावरून नाव दिलं ते म्हणजे निव्वळ भरती. रेकॉर्डला तीनेक मिनिटं कमी पडत होती म्हणून गिटारवाल्या टोनी आयोमीने तिथल्या तिथे एक तुकडा वाजवला, बेसवाल्या गीझर बटलरने घाईघाईत शब्द लिहिले, ओझीने कागद समोर धरून गायलं. पूर्ण गाण्यात ‘पॅरानॉइड’ हा शब्द एकदाही येत नाही. तेच गाणं इंग्लंडात चौथ्या नंबरपर्यंत गेलं आणि अल्बम पहिल्या. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला होता, हा १८ सप्टेंबर १९७० ला. सात महिन्यांत दोन. आमच्या पंचायतीला एवढ्या वेळात गटारावर लादी टाकून होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आयोमीची बोटं तुम्हाला माहीत असतील. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि जाड तारा झेपेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या.

माझ्या बाबांची तीच दोन बोटं गेली आहेत. उजवा हात, मधलं आणि अनामिका, पहिल्या पेरापर्यंत. १९९३, पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबायचं यंत्र. कारखान्याचं नाव लिहीत नाही, आता तिथे गोदाम आहे. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, अजूनही वाजवतात. तर माझं म्हणणं असं की हा जड, संथ, खाली बसलेला आवाज बोटांतून आलाय. तारा सैल केल्या म्हणून सूर खाली गेला, सूर खाली गेला म्हणून संगीत जड झालं. मेटल नावाचा सगळा डोलारा दोन तुटलेल्या बोटांवर उभा आहे. बोला.

म्हापशेकर | २४ जुलै, रात्री ११.५२

धागा छान, पण बुडखाच चुकलाय. तारा तीन अर्धस्वर खाली उतरवणं सुरू झालं ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’वर, म्हणजे तिसऱ्या अल्बमवर, १९७१ मध्ये. ‘पॅरानॉइड’ नेहमीच्या सुरात आहे. गिटार नीट लाव आणि कॅसेटबरोबर वाजव, जुळतंय. (कॅसेट ताणलेली नसेल तर.) म्हणजे दुसऱ्या अल्बममधला जडपणा सैल तारांतून आलेला नाही. सिद्धांत पाण्यात.

आणि सगळ्यात भारी अल्बम तिसराच. दुसरा लोकप्रिय आहे एवढंच.

जेटीवरचा | २५ जुलै, सकाळी ७.१५

सैतानी संगीतावर धागा, तोही श्रावणाच्या पहिल्या दिवशी. छान.

म्हापशेकर | २५ जुलै, सकाळी ७.४०

@जेटीवरचा, त्यांच्या गळ्यातले क्रूस ओझीच्या वडिलांनी घडवून दिले होते. एवढा सैतान आपल्या गल्लीतही सापडेल.

नवाच_आहे | २५ जुलै, सकाळी ९.०५

आयर्न मॅन म्हणजे २००८ च्या पिक्चरच्या शेवटी लागतं तेच ना? मला वाटायचं गाणं पिक्चरसाठीच केलंय. हसू नका.

सत्तरीचो_पावस | २५ जुलै, सकाळी १०.३०

@नवाच_आहे, हसत नाही, माझंही तसंच होतं. गाण्यातल्या माणसाचा त्या सूटवाल्याशी संबंध नाही. तो भविष्यात जाऊन जगाचा नाश बघून येतो, परत येताना चुंबकीय क्षेत्रात सापडून पोलादाचा होतो. सांगायला जातो तर कुणी ऐकत नाही, टिंगल करतात. मग चिडून तो स्वतःच नाश करतो. म्हणजे जे टाळायला आला तेच त्याच्या हातून होतं. बटलरने लिहिलेली ही गोष्ट मला आपल्या दशावतारातल्या कुठल्याही शापापेक्षा कमी वाटत नाही.

आमच्या भागात लोहपुरुष म्हणजे खनिजाच्या ट्रकचा ड्रायव्हर. पापण्यांपर्यंत लाल. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा एकेकाचा रंग उतरून खरा चेहरा दिसला.

अवांतराबद्दल क्षमस्व.

रात्रपाळी | २५ जुलै, रात्री ९.४५

@म्हापशेकर, बरोबर आहे. रात्री शिफ्टवरून आल्यावर गिटार काढून तपासलं. तारा खाली नाहीत. सत्तावीस वर्षं मी ही गोष्ट पोरांना छातीठोक सांगत आलोय, आता कुठे तोंड लपवू? तिसराच भारी, यावर मात्र वेगळा धागा काढ, तिथे येऊन भांडतो.

पण आज वेगळंच झालं, ते लिहायला बसलोय.

दुपारी लाईट गेली होती. बाबा बाल्कनीत आरामखुर्चीत. मी बॅटरीवरच्या स्पीकरवर अल्बम लावला. बाबांना हे संगीत नवीन नाही, माझ्या कॉलेजच्या दिवसांत दाराआडून खूप ऐकलंय, प्रत्येक वेळी ‘बंद कर मरे तें’ म्हणून. आज काही बोलले नाहीत. पाऊस एवढा होता की बहुतेक ऐकूच येत नव्हतं. वॉर पिग्ज गेलं, पॅरानॉइड गेलं, प्लॅनेट कॅरव्हॅन गेलं. आयर्न मॅन सुरू झालं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुरुवातीला नुसता बिल वॉर्डचा पायाचा ड्रम. धप्प. धप्प. धप्प. धप्प. मधे अंतर सारखं, कुठलीही सजावट नाही. मग गिटार वाकत वाकत येते.

चौथ्या धप्पला बाबांनी मान वर केली. ‘हें प्रेस न्हय रे?’

मी म्हटलं, ड्रम आहे.

‘परत लाय.’

परत लावलं. बाबांचा उजवा पाय जमिनीवर पडत होता. टाळाला पडतो तसा नाही, टाच टेकून पुढचा पंजा खाली. पायडल मारल्यासारखा. तीन वेळा लावायला सांगितलं. मग म्हणाले (मराठीत लिहितो), पत्रा सरकवायचा, पाय मारायचा, डाय खाली येते, उचलायचा, पुन्हा सरकवायचा. आठ तास. रात्री अंथरुणावर पडलं तरी कानात तेच. हा वाजवणारा माणूस प्रेसच्या आसपास वाढलेला आहे, नाहीतर एवढा सारखा मार कुणी मुद्दाम देत नाही, कलाकाराचा हात मधे काहीतरी नक्षी करतोच.

मी मग आयोमीची गोष्ट सांगितली. तो एरवी वेल्डिंग करायचा, त्या दिवशी पत्रा वाकवून देणारी व्यक्ती आली नाही म्हणून त्याला मशीनवर बसवलं. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत जायचं नाही म्हणत होता, आईने पाठवलं. मला वाटलं, आई या शब्दावर बाबा काहीतरी म्हणतील. त्यांनी एकच विचारलं:

‘गार्ड आशिल्लें काय ना?’

मला माहीत नव्हतं. बाबांच्या प्रेसला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून आडोसा) होता, पण माल लवकर निघावा म्हणून तो काढून कोपऱ्यात ठेवलेला असायचा. अपघात झाल्यावर तासाभरात परत बसवला. तपासणीला माणूस आला तेव्हा गार्ड जागेवर होता आणि बाबा हॉस्पिटलात. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

तीव्र_मध्यम | २५ जुलै, रात्री १०.३०

दादा, बाबांना माझा नमस्कार सांगा. ‘कलाकाराचा हात मधे नक्षी करतोच’ हे वाक्य मी उद्या क्लासात वापरणार आहे. ज्या मातीत खाप्रूमाम पर्वतकरांसारखे लयीचे उस्ताद झाले, तिथल्या माणसाला लयीचं कुणी शिकवायला नको.

मी पेटी आणि गायन शिकवते, मेटल अजिबात ऐकत नाही. तुमच्यामुळे आज आयर्न मॅन पहिल्यांदा ऐकलं आणि वही घेऊन बसले. ती मुख्य ओळ स्वरांत अशी येते: सा, मग कोमल गंधार दोनदा, मध्यम दोनदा. पुढे कोमल धैवत आणि पंचम यांच्यात तीन हेलकावे, आणि पुन्हा गंधार, गंधार, मध्यम, मध्यम. म्हणजे पंचम बाजूला ठेवला तर उरतं काय? सा, कोमल ग, म, कोमल ध. अहो, हा मालकंस की! निषाद लागत नाही, पण अंगकाठी तीच. फक्त तो पंचम घरात घुसलेल्या पाहुण्यासारखा मधेच बसलाय. मालकंसात पंचम वर्ज्य, त्यामुळे कान सारखा तिथे अडकतो.

गंमत म्हणजे मालकंस गाऊ नये, भुतं येऊन ऐकत बसतात, असं आमची आजी सांगायची. जेटीवरच्यांचं अगदीच चूक नाही.

जेटीवरचा | २५ जुलै, रात्री १०.४१

बघा, म्हटलं होतं ना.

म्हापशेकर | २५ जुलै, रात्री ११.२०

@तीव्र_मध्यम, हे भारीच. पंचमाचा खुलासा माझ्याकडे आहे, अर्धवट का होईना. ही ओळ एकेका सुरात वाजत नाही. प्रत्येक सुराबरोबर त्याचा पंचम जोडून वाजतो, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. त्या जोडीत त्या सुराचा गंधार नाही, म्हणून तो कोमल की शुद्ध हा प्रश्नच नाही, हसरं नाही की रडकं नाही. नुसता पोकळ, भरीव (दोन्ही एकदम) आवाज. तंबोऱ्यात पंचम लावून ठेवतात ना, तसा इथे प्रत्येक सूर आपापला तंबोरा बरोबर घेऊन चालतो.

आणि आता जरा रात्रपाळीच्या बाजूने बोलतो, कालचं पाप फेडतो. पॉवर कॉर्ड दोन-तीन बोटांत बसते. टोपणं घातलेल्या बोटाला तार जाणवत नाही, त्यामुळे चार बोटं पसरून नाजूक जाळं विणणं आयोमीला कठीण होतं, कमी बोटांत भरल्यासारखं वाजेल ते त्याने शोधलं. म्हणजे बोटांचा संबंध आहे, सैल तारांचा (या अल्बमपुरता) नाही. सिद्धांत अर्धा पाण्याबाहेर.

सत्तरीचो_पावस | २६ जुलै, सकाळी ८.००

+१. सकाळी चहाबरोबर वाचण्यासारखा धागा बऱ्याच दिवसांनी आलाय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

स्विंडनचा_पेडणेकर | २६ जुलै, दुपारी ३.१५ (आमच्याकडे सकाळ)

खूप वर्षं फक्त वाचतोय, आज खाते उघडून लिहितोय. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात आलेल्या हजारो गोंयकारांपैकी मी एक, वेअरहाऊसमध्ये आहे.

रात्रपाळींच्या बाबांनी बिल वॉर्डबद्दल जे ओळखलं त्याच्या जवळचं एक सांगतो. हे चौघेही अ‍ॅस्टन भागातले. ओझीचे वडील टूलमेकर, कायम रात्रपाळीला. आई मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. ओझी स्वतः काही काळ त्याच कारखान्यात मोटारींचे हॉर्न सुरात लावायचं काम करत होता, त्याआधी-नंतर कत्तलखान्यातही होता. विचार करा, दिवसभर कानाशी हॉर्न. हॉर्न वाजला, बरोबर, पुढचा. तो माणूस गायला लागल्यावर यमन थोडाच गाणार.

मी दोनदा त्या भागात गेलोय. व्हिला पार्क मैदानापासून ओझीचं लॉज रोडवरचं घर चालत जाण्यासारखं आहे. विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं, वास्कोच्या जुन्या रेल्वे क्वार्टरची आठवण यावी अशी. आता कारखाने फारसे नाहीत. शहरात ब्रॉड स्ट्रीटवर एका पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव दिलंय आणि तिथे चौघांच्या चेहऱ्यांचा बाक आहे. या आठवड्यात तिथे फुलांचा खच पडलाय.

देवळाकडचा | २६ जुलै, संध्याकाळी ५.००

सगळं ठीक. पण एक प्रामाणिक प्रश्न. गरिबी, कारखाना, तुटलेली बोटं, हे सगळं ऐकायला चांगलं आहे. अल्बममधली बाकी गाणी नशेवर आणि मारामारीवर नाहीत का? उगाच संतपद देऊ नये.

म्हापशेकर | २६ जुलै, संध्याकाळी ५.४५

@देवळाकडचा, संतपद कुणीच देत नाहीय, ओझीने स्वतःही घेतलं नसतं. पण ‘नशेवर’ म्हणजे काय ते बघा. हँड ऑफ डूम हे व्हिएतनामहून हेरॉइनची सवय घेऊन परतलेल्या अमेरिकन सैनिकांबद्दल आहे. गौरव नाही, उलट शेवटी माणूस मरतो. इलेक्ट्रिक फ्युनरल अणुयुद्धावर. वॉर पिग्ज युद्ध पुकारून स्वतः लपणाऱ्या सेनापतींवर आणि पुढाऱ्यांवर. शीर्षकगीत नैराश्यावर, १९७० मध्ये, जेव्हा इंग्रजी पोरांकडेही त्यासाठी शब्द नव्हता. फेअरीज वेअर बूट्सची सुरुवात बँडला स्किनहेड टोळीने मारलं त्यातून झाली असं बटलर सांगतो, पुढे ओझीने त्यात काय काय घुसवलं ते वेगळं. रॅट सॅलडला तर शब्दच नाहीत, अडीच मिनिटं नुसतं वाजवणं, त्यात वॉर्डचा एकट्याचा ड्रम. सगळे वीस-बावीस वर्षांचे होते हो.

रात्रपाळी | २७ जुलै, दुपारी २.२०

रविवार, सुट्टी. अपडेट देतो.

@तीव्र_मध्यम ताईंचे स्वर मी बाबांना वाचून दाखवले. त्यांनी पेटी काढायला लावली. पावसाळ्यात आमची पेटी कपाटात बल्ब लावून ठेवलेली असते, नाहीतर पट्ट्या फुगतात आणि भात्याला बुरशी येते. तरी दोन पट्ट्या चिकटल्याच होत्या.

बाबा कसे वाजवतात ते सांगतो, कारण हे मी कधी कुठे लिहिलेलं नाही. अंगठा, तर्जनी, करंगळी. मधली दोन बोटं पट्टीपर्यंत पोचत नाहीत असं नाही, पोचतात, पण टोकाला कातडी पातळ आहे, खाली हाड आहे. थंडीत पट्टीला लागलं की कळ जाते. म्हणून ती दोन बोटं अर्धी उचललेली असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं बुवा ऐटीत वाजवतायत. अपघातानंतर वर्षभर पेटीला हात लावला नव्हता. मग एका एकादशीला मंडळाचा पेटीवाला आला नाही, तेव्हा यांना जबरदस्तीने बसवलं. (आयोमीच्या बाबतीत बदलीला बसवल्यावर बोटं गेली, इथे बदलीला बसवल्यावर परत आली. हा हिशोब माझा, बाबांचा नव्हे.) द्रुत ताना गेल्या. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधे भाता जरा जास्त दाबून सूर लांबवायची सवय लागली. मला आठवतं तेव्हापासून आमच्या मंडळाचा अभंग शेजारच्या गावापेक्षा संथ आहे. मी तेही बोटांच्याच खात्यावर टाकलं होतं.

तर आज बाबांनी आयर्न मॅनची ओळ पेटीवर काढली. तीन बोटांत. काळी दोनमध्ये. पहिल्यांदा पंचम टाळून, चक्क मालकंस करून वाजवली, आणि म्हणाले, बरं लागत नाही. मग पंचम घेऊन. मग पुन्हा टाळून. असं वीसेक मिनिटं. आई आतून म्हणाली, आज कुठला अभंग बसवताय?

मी धीर करून सिद्धांत सांगितला: तुमचं भजन संथ झालं ते बोटांमुळे, आणि यांचं संगीत जड झालं तेही बोटांमुळे.

बाबा हसले. म्हणाले, ‘बोटां म्हजीं गेलीं. मंडळ सगलें कित्याक संथ जालें?’

उत्तर त्यांनीच दिलं. १९९० च्या आसपास मंडळातले अर्धे लोक कारखान्यात लागले. दुसरी पाळी साडेअकराला सुटायची, गुरुवारी तसेच बसमधून उतरून देवळात यायचे. पखवाजवाला भट्टीवर होता. दिवसभर यंत्राने मारलेली लय अंगात असते, वर थकवा. अशा माणसांना द्रुत गजर सांगितला तर दहा मिनिटांत टाळ खाली येतात. संथ धरला की रात्रभर हलत नाहीत. ‘एकट्याचीं बोटां न्हय रे तीं.’

मी गप्प. मग मी त्यांना प्लॅनेट कॅरव्हॅन ऐकवलं, त्यात वॉर्ड काँगा (हाताने वाजवायचा उभा ड्रम) वाजवतो आणि ओझीचा आवाज फिरत्या स्पीकरमधून काढलाय, पाण्याखालून आल्यासारखा. त्यांना काँगा घुमटासारखा (आपलं मातीच्या मडक्याचं वाद्य) वाटला, पण घोरपडीच्या कातड्याचा तो जुना घुमट, आताचा बकऱ्याच्या कातड्याचा नव्हे. गाणं आवडलं नाही. ‘न्हीद येता.’

तीव्र_मध्यम | २७ जुलै, दुपारी ३.३०

पंचम टाळून बरं लागत नाही, हे बाबांचं म्हणणं अगदी खरं. मीही करून पाहिलं. आणि माझी एक चूक दुरुस्त करते: मालकंसात पंचम येऊच शकत नाही असं नाही. संपूर्ण मालकंस म्हणून एक प्रकार आहे, जयपूर-अत्रौली घराण्यात गातात, त्यात ऋषभ-पंचम दोन्ही लागतात. आणि जयपूर घराणं म्हटलं की आपल्या फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आल्याच. तेव्हा पाहुणा अगदी परका नाही, जरा लांबचा नातेवाईक आहे.

नवाच_आहे | २७ जुलै, दुपारी ४.१०

मी काल रात्री पूर्ण अल्बम ऐकला, पहिल्यांदा, हेडफोन लावून. वॉर पिग्जच्या सुरुवातीच्या सायरनला उठून खिडकी बघितली. शेवटी टेप जोरात पळवल्यासारखा होतो तो माझा मोबाईल बिघडला की तसंच आहे?

म्हापशेकर | २७ जुलै, दुपारी ४.२५

तसंच आहे. मुद्दाम पळवलंय. मोबाईल ठीक आहे.

हेही वाच: अल्बम इंग्लंडात आला त्याच दिवशी, १८ सप्टेंबर १९७० ला, लंडनमध्ये जिमी हेंड्रिक्स वारला. आणि याच्यानंतर सॅबथचा अल्बम इंग्लंडात पुन्हा पहिल्या नंबरवर यायला २०१३ उजाडलं.

रात्रपाळी | २८ जुलै, सकाळी ६.५०

शिफ्टवरून आत्ताच आलो. बुधवारी वास्कोचा दामोदर सप्ताह, देवळात अखंड भजन. आमच्या मंडळाला रात्री अडीचची वेळ मिळालीय. बाबा ७३ चे आहेत, पावसात रात्री नेऊ नये असं आईचं मत. बाबांचं मत वेगळं आहे. कुणी वास्कोचे असाल तर गाडी कुठे लावायची सांगा, गेल्या वर्षी बायणाहून चालत यावं लागलं होतं.

जेटीवरचा | २८ जुलै, सकाळी ७.३०

फेरीचे (जत्रेचे) स्टॉल लागले की आत गाडी आणूच नका. मला व्यक्तिगत निरोप टाका, आमच्या इमारतीत लावायची सोय करतो. पेटी उचलायला पोरगा पाठवतो. बाबांना चालवू नका.

स्विंडनचा_पेडणेकर | ३० जुलै, रात्री ११.४०

आज रजा काढून ओझीच्या अंत्ययात्रेसाठी बर्मिंगहॅमला आलोय. पहाटेच्या कोचने. ब्रॉड स्ट्रीटवर उभं राहायला जागा नव्हती. काळ्या टी-शर्टमधली माणसं, बाबागाडीतली पोरं, काठी टेकत आलेले म्हातारे. पुढे ब्रास बँड होता आणि तो आयर्न मॅन वाजवत होता, चालण्याच्या लयीत. रात्रपाळी, तुझ्या बाबांची आठवण झाली, कारण तो मार तुतारीवर आणि ट्रॉम्बोनवर गेला तरी पायात तसाच पडत होता. गाडी पुलापाशी थांबली, घरच्यांनी उतरून फुलं ठेवली. माझ्या बाजूला एक सत्तरीचा माणूस होता. हाताचे पंजे एवढे मोठे. त्याने मला विचारलं, कुठून आलास? मी स्विंडन म्हटलं. तो म्हणाला, नाही, त्याआधी. गोवा म्हटलं तर म्हणाला, तिकडे ऊन असेल आता. मी म्हटलं, नाही, आता नुसता पाऊस.

तिकडे सप्ताह सुरू झाला असेल. इथे बसून यूट्यूबवर शोधतोय, कुणी थेट दाखवतंय का.

रात्रपाळी | ३१ जुलै, संध्याकाळी ६.१५

दिवसभर झोपलो, आता लिहितोय.

@जेटीवरचा, तुमचे उपकार. चहा, खुर्ची, छत्री आणि तो पोरगा, सगळ्याबद्दल. बाबा तुमचं नाव विचारत होते. मी ‘जेटीवरचे’ सांगितलं तर म्हणाले, आडनाव नवीन दिसतं.

आमची पाळी अडीचच्या ऐवजी तीन वाजून दहाला आली. आधीचं मंडळ उठायला तयार नव्हतं. देवळात गर्दी कमी झालेली, बाहेर रस्त्यावर खाज्याच्या दुकानांचे दिवे आणि छपरावर पाऊस. गजर झाला, एक अभंग झाला. दुसरा मालकंसातला. आमचे बुवा त्या वेळेला मालकंसच घेतात, दर वर्षी. बाबा नेहमीसारखे, दोन बोटं उचललेली, भाता जरा जास्त दाबून. तिसऱ्या कडव्यानंतर बुवा श्वास घ्यायला थांबले, टाळ चालू, पेटीला दोन आवर्तनं मोकळी. बाबांनी गंधारावरून मध्यमावर नेलं, धैवतावर गेले, आणि तिथून पंचम लावला. धैवत, पंचम. धैवत, पंचम. धैवत, पंचम. परत गंधार, मध्यम.

बुवांनी मान वळवून बघितलं. पखवाजवाल्या काकांचा हात क्षणभर थांबल्यासारखा झाला, पण लय सुटली नाही. मग बुवांनी पुढचं कडवं उचललं आणि सगळं पूर्वीसारखं. मला घाम फुटला होता.

परत येताना झुआरी पुलावर गाडीत विचारलं, बाबा, पंचम?

खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘बोट निसरलें.’

कुठलं, ते मी विचारलं नाही.